नोकरी सोडून नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केलाय. हातात शिल्लक आहे, तर गृहकर्ज आत्ताच फेडून टाकू का?

सगळी शिल्लक कर्जात ओतू नका, निदान व्यवसायाचा जम बसेपर्यंत तरी. विचार चुकीचा नाही. ९ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज असेल तर पहिल्या हप्त्यातला जवळपास ८३ टक्के भाग व्याजातच जातो, त्यामुळे सुरुवातीला भरलेली जादा रक्कम सगळ्यात जास्त व्याज वाचवते. पण भरलेले पैसे सहसा परत काढता येत नाहीत, आणि थोडं जरी कर्ज उरलं तरी पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातोच. ग्राहकाने बिल दोन महिने अडकवलं तर काय कराल? नवं कर्ज मागायला गेलात तर बँका साधारण दोन-तीन वर्षांच्या व्यवसायाचे हिशेब मागतात, ते तुमच्याकडे अजून नाहीत.

आधी सहा ते बारा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला काढा. कराचे पैसे वेगळ्या खात्यात. उरेल त्यातून थोडं थोडं भरा. मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं हे खरं, तरी तुमच्या जागी मी हप्ताच कमी करून घेईन. काम नसलेल्या महिन्यात त्याचाच आधार असतो. तसं बँकेला लेखी कळवा. स्थिर दराचं कर्ज असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क करारात आधी बघा.