१४ की १५.६? इंच नंतर, आधी ओळी मोजा

ताई, तुमची पोस्ट वाचताना २०१८ सालचा मीच समोर बसलोय असं वाटलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे अकाउंट्स, जुळे सोलापुरातून रोज स्कूटीवर ये-जा, महिन्यातून दोनदा पुणे. आता तुमच्यासमोर दोन लॅपटॉप, कुठला घेऊ हा प्रश्न, प्रोसेसर-रॅम सगळं सारखं, एक १४ इंची आणि दुसरा १५.६. लहान असून १४ वालाच तीन हजारांनी महाग, आणि घरचे म्हणतात मोठाच घे, डोळ्यांना बरा. माझ्या घरचेही हेच म्हणाले होते. मी ऐकलं.

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. बावीस वर्षं हिशेब लिहितोय, आधी एका सूत व्यापाऱ्याकडे, आता तीन-चार कारखान्यांचं पार्टटाइम बघतो. त्यामुळे प्रोसेसर कुठला, एसएसडी किती, हे मला विचारू नका. ते इथल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर माझा गाढवपणा. दिवाळीच्या आधी नवी पेठेत गेलो आणि ३६ हजारांना १५.६ इंची लॅपटॉप घेतला. दुकानाचं नाव घेत नाही. खोक्यावर 'एचडी' लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "काका, एचडी आहे, चित्र बघा की कसं काचेसारखं दिसतंय." टीव्हीमुळे एचडी म्हणजे भारी हे डोक्यात बसलेलं. एचडी आणि फुल एचडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीतच नव्हतं. लॅपटॉपच्या खोक्यावर नुसतं एचडी असेल तर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. इंच तेवढेच, पण त्यात मावतं किती ते या आकड्यांवर ठरतं. माझ्याकडे पडदा मोठा होता आणि त्यात अक्षरंच मोठी होऊन बसली होती.

हे मला कळलं पुढच्या वर्षी, सप्टेंबरात. ऑडिटची घाई. सीएंच्या ऑफिसमधला एक पोरगा शेजारी बसून तीच खरेदीची शीट त्याच्या लॅपटॉपवर बघत होता. त्याचा १४ इंची, माझ्यापेक्षा चार बोटं अरुंद. तो म्हणाला, "काका, सत्तावीस नंबरची ओळ बघा." माझ्या पडद्यावर चोवीसलाच संपत होतं. मला वाटलं त्याने काहीतरी बारीक करून ठेवलंय. मी बोट लावून ओळी मोजल्या. त्याच्या २८, माझ्या २४. आडव्यातही त्याच्याकडे दोन रकाने जास्त. त्याने माझ्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडून दाखवलं, १३६६ बाय ७६८, आणि पुढे कंसात 'शिफारस केलेले'. त्याहून वरचा आकडा निवडताच येत नव्हता.

चार ओळी आणि दोन रकाने, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण ते दोन रकाने म्हणजे माझे सीजीएसटी आणि एसजीएसटी, जीएसटीचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग. डावीकडे पार्टीचं, म्हणजे माल देणाऱ्याचं, नाव दिसायचं तेव्हा उजवीकडचा कर दिसायचा नाही, आणि कर बघायला सरकावलं की नाव गायब. त्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आला की २ए मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, दिसणाऱ्या क्रेडिटच्या (खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीच्या) २० टक्क्यांपेक्षा जास्त, न दिसणाऱ्या बिलांचं क्रेडिट घेता येणार नाही. मग दर महिन्याला बिल न् बिल जुळवणं आलं. दोन शीट शेजारी शेजारी लावल्या की प्रत्येकात जेमतेम नाव आणि बिल नंबर. एका महिन्यात मी एका सूतवाल्याचा कर त्याच्या खालच्या ओळीतल्या पार्टीपुढे धरला आणि नसलेलं क्रेडिट घेऊन बसलो. ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, एकदा भरलं की सुधारता येत नाही, जे काय असेल ते पुढच्या महिन्यात. मालक काही बोलले नाहीत. नुसतं चष्म्यावरून बघितलं. ते जास्त लागलं.

मध्यंतरी दुकानात जाऊनही आलो होतो. "सील फोडलंय, वर्ष झालंय, आता काय करू सांगा काका." हे त्याचं बरोबरच होतं. पण घेताना मी तीनदा विचारलं होतं, एक्सेलचं काम आहे, सगळं नीट दिसेल ना. तीनदा होय म्हणाला. जाऊ दे. तो लॅपटॉप २०२३ पर्यंत वापरला, कारण ३६ हजार माझ्या खिशातले होते.

आता तुमचे दोन. तुम्ही लिहिलंय दोन्ही फुल एचडी, पण १४ वाल्याचा आकडा तुम्हीच खाली १९२० बाय १२०० दिलाय. ते महत्त्वाचं आहे. तो पडदा उभ्या बाजूने उंच असतो, १६ ला १० या प्रमाणात. टेप लावून बघा, १५.६ वाल्याची उंची साधारण साडेएकोणीस सेंटीमीटर भरेल आणि १४ वाल्याची पावणेएकोणीस ते एकोणीस. म्हणजे उंचीत बोटभरही फरक नाही. फरक आहे तो रुंदीत, चारेक सेंटीमीटर. आणि आपलं काम उभं असतं हो. लेजर उभं, शीट उभी, जीएसटी पोर्टलवरचा फॉर्म उभा.

माझा आताचा लॅपटॉप तुमच्या १४ वाल्यासारखाच. भाच्याचा १५.६, फुल एचडी. दोन्ही शेजारी ठेवून मोजलंय. विंडोजमध्ये स्केल नावाचं एक सेटिंग असतं, अक्षरं किती मोठी दिसावीत ते ठरवणारं. ते दोन्हीकडे १२५ टक्के ठेवलं तर भाच्याच्या पडद्यावर २८ ओळी आणि माझ्या लहान पडद्यावर ३३. मात्र अक्षरं माझ्याकडे बारीक, आठवा भाग तरी लहान. मला चाळिशीचा चष्मा आहे. दुपारपर्यंत चालतं, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. स्केल १५० केलं की अक्षरं भाच्याच्या इतकी होतात, उलट किंचित मोठीच, पण ओळी २५ वर येतात. तेव्हा मोठा पडदा डोळ्यांना बरा हे घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तीन ओळींपुरतं खरं आहे. (आणि एक, कंट्रोल दाबून एफ१ दाबा. एक्सेलची वरची पट्टी मिटते आणि चार-पाच ओळी फुकटात मिळतात. मला हे दहा वर्षं कुणी सांगितलं नाही.)

माझं मत म्हणाल तर १४ घ्या आणि ऑफिसच्या टेबलावर मॉनिटर लावून घ्या. हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. २४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर आठ-दहा हजारांत येतो. त्याच्यावर स्केल १०० ठेवलं तरी अक्षरं १५.६ पेक्षा मोठी दिसतात आणि ओळी ३८-३९. मान खाली घालायला नको. आणि हा खर्च मालकांचा, तुमचा नाही. टेबलावर राहणारी वस्तू मालक घेऊन देतात, बॅगेत घरी जाणारी देताना दहा वेळा विचार करतात. निदान आमच्याकडे तरी असंच आहे. कारखान्यात जुन्या डेस्कटॉपचा मॉनिटर धूळ खात पडला असेल तर तोही चालेल. मागे फक्त निळं, स्क्रूचं व्हीजीए असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. नुसती केबल घेऊन आलात तर परत नवी पेठ.

ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही त्यांनी खुशाल १५.६ घ्यावा. तुमचं तसं नाही. माझा जुना २.२ किलोचा, वर चार्जर, डबा, पाण्याची बाटली. स्कूटीवर पायापाशी मावायचा नाही म्हणून पाठीला. मे महिन्यात पाठ आणि बॅग यांच्यामध्ये काय होतं ते सोलापुरातल्या माणसाला सांगायला नको. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पुढच्याने सीट मागे टाकली की झाकण अर्धंच उघडायचं. पुण्यापर्यंत मी कीबोर्डकडे बघत गेलोय.

नंबर पॅडचं तुम्ही विचारलंय, आणि ते रास्त आहे. १४ वर तो बहुतेक नसतोच, आणि टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवसाला शंभर व्हाउचर (नोंदी) टाकणाऱ्याला वरच्या रांगेतून आकडे मारायला लावणं म्हणजे शिक्षा. पण १५.६ वर तो येतो तेव्हा अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात. हात डावीकडे, पडदा मध्ये, दिवसभर किंचित वाकडं बसणं होतं. मला तरी ते जाणवायचं, सगळ्यांना जाणवेल असं नाही. मी वेगळा यूएसबी नंबर पॅड घेतला आणि प्रश्न मिटला. एफ-कळा मात्र दुकानातच तपासा. टॅलीत एफ८ दाबलं की विक्रीची नोंद उघडण्याऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त व्हायला लागतो. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ते कायमचं बदलता येतं, काहींवर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, शिरावं लागतं. दुकानातल्या पोराकडून करून घ्या.

डीएससी टोकनसाठी, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूसाठी, जुन्या पद्धतीचं चौकोनी यूएसबी एक तरी हवंच. पातळ लॅपटॉप घेताना हे आधी बघा. आणि टॉवेलच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून काम करू नका. मऊ लागतं, मीही करायचो. खालची हवेची भोकं बंद होतात आणि सुताचा बारीक कापूस पंख्यात जातो. माझा उघडला तेव्हा आत वातीसारखा पीळ निघाला होता.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमची खरेदीची खरी शीट घेऊन जा. दोन्ही लॅपटॉपवर उघडा, स्केल तुमच्या डोळ्यांना झेपेल तेवढं लावा आणि ओळी मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या. बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. नाव तेच आणि शेवटची अक्षरं वेगळी असतील तर पडदा वेगळा निघू शकतो, आणि दाखवायला एक, खोक्यात दुसरा असंही होतं. मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही.

नंबर पॅड घेताना तारवालाच घ्या. बिनतारी पॅडचा तो नखाएवढा रिसीव्हर मी दोनदा हरवलाय. दुसऱ्या वेळी पॅकिंगच्या टेबलावर काढून ठेवला होता, म्हणजे तो टॉवेलच्या घडीत बसून कुठल्यातरी हॉटेलात पोचला असणार.