कोणत्या टीममध्ये जावं?

प्रश्न: मुंबईतल्या लॉ फर्ममध्ये वर्षभर सगळ्याच टीमना हातभार लावला. आता कॅपिटल मार्केट्स, बँकिंग किंवा इन्सॉल्व्हन्सी (दिवाळखोरी) यांतली एक निवडायची आहे. कोणत्या निकषावर निवडू?

उत्तर: कामाचं वेळापत्रक आणि चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत, हे दोन निकष लावा.

कॅपिटल मार्केट्समध्ये आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या) कागदपत्रांतले लेखापरीक्षित आकडे सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत. म्हणून मार्चच्या आकड्यांवरचे मसुदे सप्टेंबरअखेरीस शेअर बाजाराची नियामक सेबीकडे धडकतात, आणि त्या महिन्यात घर विसरायचं. बराचसा वेळ प्रत्येक विधानाला पुरावा जोडण्यात जातो. चिकाटी येते, पण वाटाघाटी फारशा शिकायला मिळत नाहीत.

बँकिंग कंटाळवाणं वाटतं, पण आमच्या मते पायाभरणीला तेच उत्तम. तारण करारानंतर ३० दिवसांत सीएचजी-१ (तारण नोंदणीचा फॉर्म) भरायचा. मुदत हुकली तर जादा शुल्क भरून ठरावीक काळच मिळतो. नोंदणी राहूनच गेली, तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी भागवणारा) ते तारण विचारातच घेत नाही. मुद्रांक शुल्कही राज्यागणिक बदलतं, त्यामुळे दस्त कुठे सही करायचा हाही प्रश्न असतो.

इन्सॉल्व्हन्सीत बुडीत कंपनीचं प्रकरण निकाली काढायला कायद्याची मुदत १८० अधिक ९० दिवस, खटल्यांसह ३३०. प्रत्यक्षात प्रकरणं याहून लांबतात. एनसीएलटीसमोर (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर) उभं राहण्याची हौस असेल तरच जा.

निवडीआधी त्या टीममधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असोसिएटला (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला) विचारा: गेल्या महिन्यात पहिला मसुदा स्वतः किती वेळा केलास? फर्मच्या भागीदाराला विचारू नका, तो टीमची जाहिरातच करणार.