गोषा, गोषवारा आणि घोषणा

पुण्यातल्या कोंढव्याहून एका मुलीने विचारलंय: "मतदानाच्या दिवशीच्या फोटोखाली 'बुरखाधारी महिलांची रांग' असं छापलं होतं. रांगेतल्या निम्म्या जणींनी नुसता स्कार्फ बांधला होता, त्यात माझी आईही होती. 'बुरखाधारी' हा शब्द बरोबर आहे का? बुरखा, हिजाब, नकाब यांत मराठीत काही फरक करतात की नाही?"

शब्द बरोबर नाही. मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दर ईदेला आणि दर निवडणुकीला मी हा शब्द खोडायची आणि दुसऱ्या दिवशी तोच दिमाखात छापून आलेला असायचा. "व्याकरणात बसतो की," असं उत्तर मिळायचं. बसतो ना. पण -धारी कुणाकुणाला लागतो ते बघा: जटाधारी, दंडधारी, शस्त्रधारी, बंदूकधारी. एक तर बैरागी, नाहीतर हल्लेखोर. लग्नसराईत लक्ष्मी रोडवर 'शालूधारी महिलांची झुंबड' उडाल्याचं कधी वाचलंय? आणि पुण्यात हे लिहावं म्हणजे कमालच! तोंड गच्च बांधून, वर गॉगल चढवून, कोपरापर्यंत हातमोजे घालून स्कूटरवर निघालेल्या मुली आपल्या शहरात पायलीला पन्नास. नाकाचं टोकही दिसत नाही. त्यांना आपण 'स्कार्फ बांधलेल्या मुली' म्हणतो. तेवढंच कापड मोमीनपुऱ्यात दिसलं की लगेच -धारी.

फरकाचं थोडक्यात सांगते. अंगभर असतो तो बुरखा, तोंडावर असतो तो नकाब, आणि केस झाकणारा रुमाल म्हणजे हिजाब. हिजाबचा मूळ अरबी अर्थ आडोसा, आड धरलेलं कापड. रुमाल हा अर्थ नंतरचा. 2022 साली कर्नाटकात उडुपीच्या कॉलेजातल्या मुलींचा प्रश्न डोक्यावरच्या रुमालाचा होता, तरी आपल्याकडे कित्येकांच्या तोंडी 'बुरख्याचं प्रकरण'च होतं. बुरखाही अरबीच. मूळच्या 'क'चा आपण 'ख' केला, जसा 'वरक'चा वर्ख झाला. 'सभ्यतेचा बुरखा फाडला' हा मथळा देणाऱ्यांनी ढोंगासाठी आपला 'मुखवटा' वापरावा, तो कुणाच्या आईच्या अंगावर नसतो.

पडद्याबद्दल लिहीत नाही. फारसी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, सतारीलाही असतात. एवढंच सांगते की सिनेमाच्या पडद्यावर मुसलमान बायका अगदी आरंभापासून आहेत. 1926 साली चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांची मुलगी जुबेदा 1931 च्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, नायिका. मग पुढे त्याच पडद्यावर नुसत्या तवायफ, जपमाळ ओढणाऱ्या अम्मीजान आणि तलाकच्या तीन शब्दांनी कोसळणाऱ्या सुना का उरल्या, हे सिनेमावाल्यांना विचारा. आपल्या मालिकांत तर मुसलमान बाई दिसली की ती 'या अल्लाह' म्हणून छातीवर हात ठेवणार. आमच्या शेजारच्या शेख काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. दारात बोट चेमटलं की त्या 'आई गंऽऽ' म्हणूनच ओरडतात.

आता खऱ्या शब्दाकडे येते. बुरखा, हिजाब, नकाब या तिन्हींहून मराठीत जास्त मुरलेला शब्द आहे गोषा. 'गोषातली बाई' म्हणजे पडद्यातली बाई. आणि ही बाई मुसलमानच असायची असं अजिबात नाही. मराठा सरदार-संस्थानिकांच्या घरांत कडक गोषा होता. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी तो सोडला, आणि 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन आपल्या पुण्यात भरलं तेव्हा त्याच अध्यक्ष होत्या. तिकडे मद्रासेत 1885 साली खास स्त्रियांसाठी निघालेल्या इस्पितळाच्या नावातच 'कास्ट अँड गोशा विमेन' असे शब्द होते. लोक त्याला गोशा हॉस्पिटलच म्हणत. एवढा ऐसपैस शब्द, पण वाड्यांतला गोषा आपण सोयीने विसरलो आणि बातमीपुरता एकीचाच बुरखा लक्षात ठेवला.

एका व्याख्यानात एका नामवंत भाषापंडितांनी ठोकून दिलं की गोषा संस्कृत 'गोष्ठ'पासून आला. मी उठून हरकत घेतली तर म्हणाले, "बाई, जरा कोश बघत जा." बघितलेत. गोष्ठाचा मराठीत गोठा होतो, गोषा नव्हे. बायकांना गोठ्यात बसवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

गोषा फारसी. 'गोशा' म्हणजे कोपरा. आणि हा कोपरा आला 'गोश'वरून, म्हणजे कानावरून! घराचा कोपरा म्हणजे घराचा बाजूला निघालेला कान. खरगोश म्हणजे गाढवाच्या कानांचा, तोच हा गोश. आपल्या कचेऱ्यांतला गोषवारा त्याच कानातून निघाला: 'गोशवारा' म्हणजे कानातलं डूल. हिशेबाचा सारांश डुलासारखा लटकतो. म्हणजे गोषातली बाई आणि तलाठ्याचा गोषवारा सख्खी भावंडं!

खरी गंमत तर पुढेच आहे. इराणी भाषांत हा शब्द फार जुना, पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, 'गओश' म्हणजे कान. आणि त्याचाच संस्कृतातला भाऊ कोण? घोष! तिकडे ऐकणारा अवयव, इकडे ऐकू येणारा आवाज. घोषणा, जयघोष, उद्घोषक सगळे याच कुळातले. बाईला कोपऱ्यात गप्प बसवणारा गोषा आणि चौकात गर्जणारी घोषणा एकाच बीजाची फळं. फारसीत मूर्धन्य, म्हणजे पोटफोड्या 'ष' नाही. शब्दाला संस्कृत वळण द्यायच्या नादात आपण गोशाचा 'गोषा' केला, पण त्या चुकीतून नकळत घोषाचाच 'ष' परत आला. एवढ्यासाठी मी 'गोशा' लिहायला साफ नकार देते. शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल रागवावं.

मला तर 18 एप्रिल 1966 आठवल्याशिवाय राहत नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या. जेमतेम सात. गोषाकडून घोषणेकडे, दुसरं काय! ओढूनताणून जुळवते म्हणाल, तर म्हणा. आजच्या तलाकच्या बातमीला मात्र आपल्याला तोच फोटो लागतो: काळे बुरखे, तेही पाठमोरे, म्हणजे बोलणारं तोंड दिसायचा प्रश्नच नाही.

हां, फोटोखालची ओळ राहिलीच. 'मतदानासाठी महिलांची रांग' एवढं पुरे. बुरख्याशी बातमीचा खरंच संबंध असेल तर 'बुरखा घातलेल्या महिला' लिहावं, आणि आईने स्कार्फ बांधला असेल तर 'स्कार्फ'. संपादकांना पत्र टाक, मी खाली सही करते.