ड्रॅगन एजचा टेबलावरचा खेळ साध्या फाशांवर जमतो का?

जमतो की भाऊ! भुसावळात वीस बाजूंचे फासे मिळत नाहीत म्हणून तुम्ही अडून बसलात, पण याला ते लागतच नाहीत. ड्रॅगन एज या व्हिडिओ गेमवरून ग्रीन रोनिन या कंपनीने २०१० साली काढलेल्या, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायच्या या खेळाला लुडोतले तीन फासे पुरतात, फक्त एक वेगळ्या रंगाचा हवा. आम्ही एकाला बहिणीचं लाल नेलपॉलिश फासलंय (शिव्या खाल्ल्या, ते सोडा).

तिन्ही टाका, बेरीज करा, त्यात आपल्या पात्राच्या गुणाचा (ताकद, चपळाई वगैरे) आकडा मिळवा. खरी गंमत पुढे आहे. कुठल्याही दोन फाशांवर सारखा आकडा आला आणि पात्राची चाल यशस्वी झाली, की लाल फाशावर जेवढे तेवढे स्टंट पॉइंट, म्हणजे जादा करामतींवर खर्चायचे पॉइंट. पांढऱ्यांवर ४-४, लालवर ५? मग पाच पॉइंट, त्यातले दोन देऊन शत्रूला आडवा पाडा. २१६ पैकी ९६ वेळा अशी जोडी पडते, त्यामुळे कंटाळा येत नाही.

विचर या दुसऱ्या काल्पनिक जगावरचा असाच खेळही आहे, २०१८चा, पण त्याला दहा बाजूंचा फासा लागतो. तो नंतर बघा.

आणि लाइट गेली तरी हा खेळ थांबत नाही. आमचा अर्धा डाव मेणबत्तीवरच झालाय, भरीत-पुरी खात.