वाचकांचे प्रश्न : इंडोनेशियाची, चीनची, मेक्सिकोची की अमेरिकेची? इलेक्ट्रिक गिटार घेताना

प्रश्न : मुलाला बारावीनंतर इलेक्ट्रिक गिटार घेऊन द्यायची आहे. गिटार आणि छोटा अँप मिळून पस्तीस हजारांत बसवायचं आहे. दुकानदार इंडोनेशियात बनलेली दाखवतो, घरी भावजी म्हणतात चायना माल अजिबात घेऊ नका. देशावरून दर्जा कळतो का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : देशावरून मजुरीचा दर कळतो. दर्जा ठरतो तो कारखाना कुठला आणि कंपनीने ती मालिका कुठल्या किमतीत बसवली आहे त्यावर. इंडोनेशियात सुराबाया इथे कॉर-टेक या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तिथे त्यांच्या स्वतःच्या कॉर्ट गिटार बनतात आणि पीआरएस या अमेरिकन कंपनीची एसई मालिकाही बनते. या दोन नावांच्या किमतीत मोठी तफावत असू शकते, छप्पर मात्र एकच. चीनमध्ये छिंगदाओला एपिफोन या गिब्सनच्या ब्रँडचा स्वतःचा कारखाना २००४पासून चालू आहे आणि तिथून निघालेल्या कित्येक गिटार वर्षानुवर्षं स्टेजवर वाजताहेत. त्याच देशात नाव-गाव नसलेल्या गिटारही बनतात, अँप आणि पट्ट्यासकट खोक्यात भरून विकल्या जातात. भावजींचा राग बहुधा या दुसऱ्या जातीवर असावा, आणि तिच्याबाबतीत तो योग्यच आहे.

नेक (गिटारची दांडी) आणि बॉडी (धड) आता सगळीकडे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापतात, त्यामुळे कापणीत फारसा फरक उरलेला नाही. फरक पडतो त्यानंतरच्या हातकामात : सगळे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गोल घासणं, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा हव्या तेवढ्या खोल करणं. स्वस्त मालिकेत या कामाला मिनिटं कमी दिलेली असतात. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन गिटार शेजारी ठेवल्या तर एक हातात घेताच आवडते आणि दुसरी नकोशी होते. ऑनलाइन दोन हजार वाचवण्यापेक्षा दुकानात जाऊन त्याच मॉडेलच्या दोन-तीन नग काढायला लावा.

आधी गिटार नीट सुरात लावून घ्या. नेकच्या कडेवरून बोटं वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर तो नग बाजूला. मग सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर दुकानदाराला ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) फिरवून दाखवायला सांगा. रॉड फिरवूनही नेक हलत नसेल तर ती गिटार फुकट मिळाली तरी घेऊ नका, कारण घरी आणल्यावर तिच्यावर काही इलाज उरत नाही. पुढे प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. तिथे तार फ्रेटला जवळजवळ टेकलेली हवी. फट मोठी असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. अशा गिटारवर एफ कॉर्ड धरताना नवशिक्याची बोटं दुखतात आणि सूर चढाच लागतो. मुलं पहिल्या सहा महिन्यांत गिटार सोडून देतात त्यामागे बरेचदा हे कारण असतं, आणि दोष मात्र मुलाच्या चिकाटीला दिला जातो. शेवटी पहिली, बारीक तार बाराव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर करून पूर्ण ओढून बघा. मधेच आवाज गुदमरला तर तिथे एखादा फ्रेट उंच आहे.

नटच्या खाचा, तारांची उंची, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) हे सेटअपमध्ये, म्हणजे कारागिराकडून गिटार जुळवून घेताना सुधारता येतं, त्यामुळे त्यात थोडं उणं असलं तरी चालेल. वाकडा नेक किंवा लाकडातून उचकटलेले फ्रेट मात्र चालणार नाहीत. पस्तीस हजारांतले तीन हजार सेटअपसाठी आधीच बाजूला काढा. बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची दीड ते पावणेदोन मिलिमीटर आणि सहावीची दोनच्या आसपास ठेवून मागा. या बजेटमध्ये यामाहा पॅसिफिका, कॉर्ट, स्क्वायर (फेंडरचा स्वस्त ब्रँड) आणि आयबानेझ यांच्या सुरुवातीच्या मालिका बघण्यासारख्या आहेत.

एक सूचना. पुढे यात महागडे अमेरिकन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) आणि पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग) टाकू, असा विचार असेल तर मापं आधी तपासा. आशियाई गिटारमध्ये बरेचदा छोटे पॉट असतात आणि त्यांची भोकं सात-आठ मिलिमीटरची असतात. अमेरिकन पॉटला साडेनऊची भोकं लागतात. पिकगार्डवरची (बॉडीवरच्या पातळ संरक्षक पट्टीवरची) भोकं रुंदवावी लागतात, कधी आतला खळगाही खोल करावा लागतो. ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागावरच्या) तारांमधलं अंतरही वेगळं निघू शकतं.

प्रश्न : मेव्हणा दिवाळीत अमेरिकेहून येतोय. इथे मेक्सिकोची स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) घेऊ, की त्याच्याकडून अमेरिकेत बनलेली मागवू? अँपही तिकडूनच आणावा का?
– घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : अँपचं आधी सांगतो, कारण तिथे नुकसान मोठं होतं. अमेरिकेतला अँप १२० व्होल्टवर चालतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलात तर फ्यूज उडेल, किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल. व्होल्टेज बदलायची सोय नसलेला अँप आणू नका, इथेच घ्या. नेहमीच्या गिटारला सॉकेटच्या विजेची जोडणीच नसते, त्यामुळे ती कुठूनही आणली तरी चालते.

फेंडरचा अमेरिकन कारखाना कॅलिफोर्नियात कोरोना इथे आहे आणि मेक्सिकोतला एन्सेनाडाला, १९८७पासून. दोन्हीकडचे कारागीर पिढीभर हेच काम करताहेत. मेक्सिकोच्या प्लेयर मालिकेपेक्षा अमेरिकेच्या प्रोफेशनल मालिकेची किंमत साधारण दुप्पट असते. त्या जादा पैशांत फ्रेटचं जास्त निगुतीचं काम, वरच्या दर्जाचे पिकअप आणि ब्रिज, हाडाचा नट आणि बहुतेक वेळा हार्ड केस मिळते. आवाज मात्र दुप्पट चांगला मिळत नाही. चार-पाच वर्षं नियमित वाजवत असाल आणि नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हाला सांगता येत असेल, तर अमेरिकेची मागवा. तसं नसेल तर मेक्सिकोची घेऊन उरलेल्या पैशांत चांगला अँप घ्या. स्वस्त अँपमधून महाग गिटारही स्वस्तच वाजते.

मागवलीच तर हार्ड केसमधून, तारा थोड्या सैल करून आणायला सांगा. विमानतळावरचं शुल्क आणि कर हिशेबात धरा, बिल सोबत ठेवा. भारतात हमी लागू होईल का, हे खरेदीपूर्वी दुकानाकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : जुनी, 'जपानमध्ये बनलेली' फेंडर विकाऊ आहे. मालक म्हणतो जपानी माल अमेरिकेपेक्षा सरस. खरी आहे हे कसं ओळखायचं?
– नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : फेंडर जपान १९८२मध्ये सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीच्या गिटार फुजीजेनच्या कारखान्यात बनल्या. काम नावाजलेलं आहे, पण प्रत्येक जपानी गिटार सरस असा नियम नाही. स्वस्त मालिका जपाननेही काढल्या.

अनुक्रमांकाने सुरुवात करा. अलीकडच्या गिटारवर अमेरिकेच्या क्रमांकाआधी यूएस, मेक्सिकोच्या आधी एमएक्स, जपानच्या आधी जेडी ही अक्षरं असतात आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. इंडोनेशियाच्या स्क्वायरवर बरेचदा आयसीएस दिसतं. पण स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. म्हणून मालकाच्या परवानगीने नेकचे चार स्क्रू काढून नेकच्या टाचेवरचा (बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) आणि बॉडीतल्या खळग्यातला शिक्का बघा. परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो बारीकसा 'टक' करून बसला की मगच आवळा, नाहीतर लाकडात नवा आटा पडतो आणि पकड सैल होते. फ्रेट खोबणी पडून सपाट झाले असतील तर नवे फ्रेट बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

गिब्सन बघत असाल तर हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर नकली समजून निघा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या चिनी गिटारचे फ्रेट हाताला टोचू लागलेत, पावसाळ्यात तारा गंजतात, नॉब फिरवला की खरखर येते. माल हलका निघाला का?
– वाशी

उत्तर : यात देशाचा दोष कमी, हवेचा जास्त. एसी खोलीत लाकूड सुकतं, आकसतं. धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात लाकूड परत फुगलं की ती आत गेल्यासारखी वाटतात. त्यामुळे घासण्याचं काम कोरड्या दिवसांतच करून घ्या. फिंगरबोर्डला (फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या लाकडी पट्टीला) मास्किंग टेप लावून, बारीक सपाट कानशीने टोकं कडेला समपातळीत आणायची आणि वरची धार तिरकी मोडायची. टोकं अशी बाहेर येणं अमेरिकन गिटारलाही होतं.

गिटार भिंतीवर टांगण्याऐवजी केसमध्ये ठेवा, आत हायग्रोमीटर आणि सिलिका जेल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली की पुरे. जेल ओलावा ओढून रंग बदललं की तापवून परत वापरा. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालूनही सुती फडक्याने पुसा. पावसाळ्यापुरत्या कोटिंगच्या तारा घेतल्या तर परवडतात. खरखर पॉटमध्ये साचलेल्या मळाची असते. गिटार अँपपासून सोडवा, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. स्वयंपाकाचं तेल किंवा गंज सोडवायचा साधा स्प्रे वापरू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

प्रश्न : स्वस्त गिटारच्या माहितीत फिंगरबोर्ड 'इंडियन लॉरेल'चा लिहिलाय. शिसवीपेक्षा वाईट का?
– माजिवडा, ठाणे

उत्तर : वाईट नाही. हा आपला ऐन, येऊरच्या जंगलातही दिसणारा. शिसवाच्या सगळ्या कुळावर २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे परवाने लागू झाले, तेव्हा कंपन्या अशा लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९मध्ये सूट मिळाली, पण स्वस्त मालिकांत ऐन टिकून राहिला. वाजवताना कानाला फरक कळत नाही. रेषा थोड्या मोकळ्या असल्याने तो कोरडा दिसतो, म्हणून वर्षातून दोनदा तारा बदलताना फिंगरबोर्डच्या तेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन लावा आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसून काढा. लाखेचा थर असलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डला मात्र हे तेल लावायचं नाही.