मिक्सरचं एक्सएलआर आउटपुट घरच्या स्टिरिओला जोडल्यावर घुंघुं का येते?

चवथीच्या भजनासाठी आणलेला मिक्सर घरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आरसीए इनपुटला (लाल-पांढऱ्या गोल खाचांना) कसा जोडायचा आणि घुंघुं कशी घालवायची, असं तुम्ही विचारलंय.

एक्सएलआर म्हणजे माईकच्या वायरीला असतो तो तीन पिनांचा जोड. त्याची २ नंबरची पिन आरसीएच्या मधल्या टोकाला, १ नंबरची बाहेरच्या कड्याला. खरा प्रश्न ३ नंबरचा. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर ३ ही १ ला जोडावी लागते, नाहीतर आवाज अगदी क्षीण येतो. आजच्या बहुतेक मिक्सरांत तो नसतो. तिथे ३ मोकळी सोडा. काही आउटपुटांना ती अर्थला टेकलेली झेपत नाही आणि तयार वायरींत ती बऱ्याचदा टेकवलेलीच असते, म्हणून मॅन्युअल बघाच.

मिक्सरची पातळी १.२३ व्होल्ट, घरच्या इनपुटाची साधारण ०.३२. मिक्सरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, खालीच ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

घुंघुं बहुतेक वेळा अर्थ लूपची असते, म्हणजे दोन्ही यंत्रं विजेच्या अर्थमधून आणि ऑडिओ वायरीतूनही जोडली जाऊन वर्तुळ बनतं. फोंड्याला आमच्या घरी दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावली तेव्हा ती बरीच कमी झाली, उरलेली ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने गेली; तो आवाज पुढे नेतो, पण वायरींचा थेट जोड तोडतो. पण प्लगची अर्थ पिन कोणीही सांगितलं तरी काढू नका. चवथीला पाऊस असतो, भिंती ओल्या असतात, आणि माईक माणसाच्या हातात असतो.