वाचकांचे प्रश्न: जलाशयातला रोहू आणि कटला, ऋतूप्रमाणे आमिष

पावसात साळावली धरणाच्या काठाला गांडुळावर रोहू चांगला लागत होता. दिवाळीनंतर त्याच जागी बारीक मासळीच गांडूळ कुरतडून नेते. आमिष बदलावं की जागा? (वाचक, सांगे)

दोन्ही, पण आधी जागा. जून-जुलैत पाणी चढतं तेव्हा उन्हाळाभर उघडा राहिलेला गवताळ काठ बुडतो आणि व्हाळांबरोबर (ओढ्यांबरोबर) किडे, गांडुळं वाहून येतात. त्या खाण्यामागून मासा कमरेएवढ्या पाण्यातही येतो. गढुळात त्याला नजरेचा उपयोग नसतो, तो वासावर शोधतो. ऑक्टोबरनंतर पाणी निवळतं, बुडालेलं गवत कुजून संपतं आणि मोठा मासा काठ सोडून उताराकडे सरकतो. उथळात उरते ती बारीक मासळी. तेव्हा ३ ते ५ मीटर खोलीचा उतार शोधा आणि पिठाचा गोळा लावा.

५०० ग्रॅम भाताचा कोंडा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. गार झाला की २०० ग्रॅम कुटलेली शेंगदाण्याची पेंड, १५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम किसलेला गूळ मिसळा. पाणी थोडं थोडं शिंपडत मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. कोंडा पाणी उशिरा ओढतो. पीठ सैल वाटलं म्हणून लगेच आणखी कणीक घातली, तर काठावर पोचेपर्यंत गोळा घट्ट होतो. मग रोहू तो नुसता चोखतो, गळाची अणी आतच अडकून राहते आणि झटका दिला तरी तोंडात रुतत नाही.

गरवण्याआधी लिंबाएवढा गोळा काठाच्या पाण्यात ठेवून बघा. १० ते १५ मिनिटांत तो कडेने सुटू लागायला हवा. दोन मिनिटांत विरघळला तर मूठभर कणीक वाढवा. अर्ध्या तासानंतरही तसाच राहिला तर कोंडा वाढवा. खवट किंवा बुरशी आलेली पेंड मात्र अजिबात वापरू नका.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी गार असतं आणि मासा कमी खातो. गोळा सुपारीएवढा करा, मासे जमवायला पाण्यात टाकायचा चारा निम्म्यावर आणा, आणि पहाटेपेक्षा ऊन चढल्यावर, दहानंतर बसा. साळावलीचं पाणी दक्षिण गोव्यातली माणसं पितात. तिथे किलोंनी चारा ओतणं कुठल्याच ऋतूत योग्य नाही. चार-पाच मुठी पुरतात.

अंजुणे धरणाच्या पाण्यावर कटला उसळताना दिसतो, पण तळावर टाकलेल्या गोळ्याला तोंड लावत नाही. (वाचक, वाळपई)

कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव पाण्याबरोबर ओढून गाळतो. तळावर चरतो तो मृगळ, त्याचं तोंड खाली असतं. रोहू बहुधा या दोघांच्या मधल्या थरात. म्हणून दोरीला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) बांधा आणि गळ पृष्ठभागापासून १ ते १.५ मीटरवर ठेवा. आमिष ढगासारखं पसरणारं हवं: चाळलेला भाजका कोंडा, पाण्यात भिजवून पिळलेला पाव आणि दोन चमचे दूधपावडर. ते लवकर सुटतं, त्यामुळे दर दहा मिनिटांनी नवं लावा. कटल्याचं तोंड मोठं असतं, ४ नंबरचा गळ त्याला जड होत नाही.

मे महिन्यात वरचं पाणी तापतं म्हणून १२-१५ मीटर खोल गळ सोडतो. काहीच लागत नाही. (वाचक, केपे)

कारण तळाला मासाच नसतो. उन्हाळ्यात खोल जलाशयात तापलेलं हलकं पाणी वर आणि गार, जड पाणी खाली असे थर बसतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवतो आणि वरून नवा पोचत नाही. मासा मधल्या थरात राहतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला वर येतो. ३ मीटरपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या मीटरने खाली जा.

याच दिवसांत आणखी एक काम करून घ्या. पाणी ओसरलं की साळावलीत बुडालेल्या कुर्डी गावाच्या भिंती आणि झाडांचे बुंधे उघडे पडतात. उतार कुठे आहेत, दोरी कुठे अडकेल, याचा नकाशा वहीत काढून ठेवा. पुढच्या दिवाळीनंतर तोच उपयोगी पडतो.

मका चालेल का? (वाचक, फोंडा)

चालेल, पण शिजवलेला. सुके दाणे २४ तास भिजवा, ३० ते ४० मिनिटं उकडा. नख सहज रुतलं पाहिजे. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. दाणे थेट गळावर न टोचता गळाच्या वाकाखाली एक सेंटीमीटर आखूड दोरा सोडून त्यावर ओवा, म्हणजे अणी मोकळी राहते. शिसं दोरीवर मोकळं सरकणारं असावं. गाठ मारून पक्कं केलं, तर दोरी तुटल्यावर मासा ते वजन ओढत फिरतो.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी धरणांनाही लागू आहे का? (वाचक, डिचोली)

ती समुद्रातल्या यांत्रिक होड्यांसाठी आहे. धरणाचे नियम वेगळे. जलसंपदा खात्याच्या कार्यालयात आधी विचारा. परवानगी असली तरी सांडव्याजवळ बसू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीत गरवायचंच नाही. पावसाळा हा रोहू-कटल्याच्या विणीचा काळ. पोट फुगलेली मादी लागली तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून तिला सोडा.